खडी चिकटवायला कोणता गोंद वापरता? (मॉडेल रेल्वे, एचओ)

रुळावरचा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय कारण खरंच अडलोय.

माझा लेआउट (रुळांची मांडणी) एचओ मापाचा आहे, म्हणजे 1:87, रुळांमधलं अंतर 16.5 मिमी. दोन वर्षं रूळ उघडेच होते, प्लायवूडवर कॉर्कची पट्टी आणि त्यावर रूळ. गाडी इतकी शांत चालायची की शेजारच्या खोलीत कळायचंसुद्धा नाही. गेल्या महिन्यात एका कोपऱ्यात हातभर लांबीला खडी टाकून बघितली. सगळे सांगतात तसंच केलं, पांढरा गम (आपण सगळे सरसकट फेविकॉल म्हणतो तो प्रकार, पीव्हीए), तेवढंच पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आणि ड्रॉपरने सोडलं. दिसायला झकास झालं, खोटं नाही सांगत, तो कोपरा बघत बसावंसं वाटतं. पण वाळल्यावर गाडी तिथे आली की आवाजच बदलतो. आधी नुसती सळसळ होती, आता पत्र्याचा डबा फरशीवरून ओढल्यासारखी घरघर. मग कॉर्क टाकलाय तो कशाला?

अजून 11 मीटर रूळ आणि तीन सांधे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा) बाकी आहेत. तर आवाज वाढणार नाही आणि उद्या रूळ उचलायची वेळ आली तर रूळ सुटतील असा गोंद कोणता? आणि सांध्यांपाशी तुम्ही नेमकं काय करता?

गार्डाचा_डबा
मस्त विषय. खुर्ची टाकून बसलोय.

सांधेवाला
आवाजाचं कारण सांगतो, ते एकदा कळलं की गोंद निवडणं सोपं जातं.

कॉर्क रुळाखाली असतो तोवर रुळाची थरथर त्यात जिरते. तुम्ही खडी टाकली, ती स्लीपरच्या टोकापासून कॉर्कच्या उतारावरून खाली प्लायवूडपर्यंत गेली, आणि पीव्हीए वाळून दगडासारखा झाला. म्हणजे स्लीपर ते प्लायवूड असा एक कडक पूल तयार झाला. आता थरथर कॉर्कमधून जातच नाही, बाजूने त्या पुलावरून खाली उतरते आणि प्लायवूड ढोलकीसारखं वाजतं. कॉर्क बिचारा जागेवरच आहे, त्याला कामच उरलेलं नाही.

त्यामुळे उपाय दोनच. एक तर वाळल्यावर मऊ राहणारा गोंद घ्या, नाहीतर खडीचा उतार प्लायवूडला टेकूच देऊ नका, म्हणजे कॉर्कखाली त्याच्यापेक्षा रुंद फोमची पट्टी टाका आणि खडीचा पाय त्या फोमवरच संपवा. दुसरा उपाय रूळ टाकायच्या आधीचा आहे, तुमची ती वेळ गेली. तेव्हा मऊ गोंद. मी पाण्यात पातळ केलेलं लॅटेक्स वापरतो, कापड-गालिचा चिकटवायला जे पांढरं रबरी द्रावण मिळतं ते. एक भाग लॅटेक्सला दोन भाग पाणी. वाळल्यावर खडी बोटाने दाबली की किंचित दबते आणि परत वर येते. गाडीचा आवाज जवळपास खडी टाकायच्या आधी होता तेवढाच राहतो.

बोगदा_क्रमांक_नऊ
@सांधेवाला, कारण बरोबर सांगितलंत पण औषध मला पटत नाही. लॅटेक्स मी दोन वेळा वापरलं. पहिल्या वर्षी सुंदर. तिसऱ्या वर्षी खिडकीकडच्या बाजूची खडी पिवळट तपकिरी झाली, भिंतीकडची तशीच करडी. एकाच मार्गावर दोन रंगांची खडी. लॅटेक्स उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आणि जुनं झालं की लवचीकपणा जाऊन भुसभुशीत होतं, हे त्या रबराच्या जातीतच आहे. शिवाय वास. बंद खोलीत अमोनियाने डोळे चुरचुरतात.

मी पीव्हीएच वापरतो आणि वापरत राहणार. आवाजाचा इलाज गोंदात शोधूच नये, बेसबोर्डमध्ये (रुळांखालच्या लाकडी पाटात) शोधावा. माझं प्लायवूड 12 मिमी आहे, खाली दर 30 सेंमीवर आडवी पट्टी आणि पट्ट्यांच्या मधल्या प्रत्येक चौकटीत जुन्या गालिचाचे तुकडे चिकटवलेत. ढोलकीचं पान जाड केलं आणि आत कापड कोंबलं तर वाजणार कुठून?

रुळावरचा
@बोगदा, माझं प्लायवूड 9 मिमी आहे आणि पट्ट्या बऱ्याच लांब लांब. गालिचाचं करून बघतो, त्याला फक्त खाली झोपून हात वर करायचेत.

फिशप्लेट
तुम्ही दोघं लॅटेक्स आणि पीव्हीए यातच अडकलात, मधला रस्ता कोणी सांगितलाच नाही म्हणून लिहितेय. ॲक्रिलिक मॅट मीडियम. चित्रकलेच्या सामानात मिळतं, रंगात मिसळायला वापरतात. एक भाग मीडियमला चार ते पाच भाग पाणी. वाळल्यावर रबराइतकं मऊ नाही पण पीव्हीएसारखं काचेगत कडकही नाही, पिवळं पडत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चमकत नाही. पीव्हीए जिथे जास्त साचतो तिथे खडीवर ओलसर चकाकी राहते, फोटोत ती लगेच उठून दिसते. पाऊस सोडला तर खरी खडी कधी चमकते का?

एक गोष्ट मात्र मी नुकसान सोसून शिकलेय. मॅट मीडियममध्ये चकाकी मारायला बारीक पांढरी पूड घातलेली असते. पातळ केल्यावर ती तळाशी बसते. बाटली हलवून हलवून वापरलंत आणि हात सैल सुटला तर काळ्या खडीवर दुसऱ्या दिवशी दव गोठल्यासारखा पांढुरका थर दिसतो. म्हणून मी पातळ करून रात्रभर ठेवते, सकाळी वरचं दुधाळ पाणी दुसऱ्या बाटलीत हळूच ओतून घेते आणि तळाचा साका टाकून देते. तेव्हापासून एकदाही पांढरं पडलं नाही.

गार्डाचा_डबा
साका टाकून द्यायची युक्ती लिहून घेतली. हे कुठल्याही बाटलीवर लिहिलेलं नसतं.

एनगेजकर
एचओवाल्यांनो, तुमचं बरं आहे. आमच्याकडे एन गेज, म्हणजे 1:160. खऱ्या खडीचा दगड साधारण 50 मिमी धरला तर एचओला तो 0.57 मिमी होतो आणि आम्हाला 0.3. एवढ्या बारीक कणांवर ड्रॉपरचा एक थेंब पडला की उल्का पडल्यासारखा खड्डा होतो आणि स्लीपरमधली खडी उडून रुळावर बसते. गोंद कोणताही घ्या हो, आमच्यासाठी प्रश्न गोंद आत कसा मुरवायचा हाच आहे.

रच्याकने (जाता जाता), एचओची पिशवी एनला वापरू नका. लहान कण गाळून घेतले तरी चुकार मोठा दगड राहतोच आणि तो रुळाच्या आतल्या बाजूला चाकाच्या कडेला लागतो.

सांधेवाला
+१. एनगेजकरांनी मुद्द्यालाच हात घातला. निम्म्याहून जास्त लोकांची खडी गोंदामुळे नाही, भिजवण्यामुळे बिघडते.

कोरड्या खडीवर पातळ गोंदाचा थेंब टाकून डोळे अगदी जवळ नेऊन बघा. तो आत जातच नाही. अळवावरच्या पाण्यासारखा गोल होऊन बसतो, अंगावर खडीची धूळ गुंडाळून घेतो आणि उतारावरून घरंगळत खाली जातो, जाताना चार दगड बरोबर घेऊन. तेच खडी आधी ओली असेल तर थेंब टेकताक्षणी नाहीसा होतो, डोळ्यासमोर आत ओढला जातो आणि दोन स्लीपर पलीकडे खडीचा रंग गडद होताना दिसतो. ते दिसलं की समजायचं काम झालं.

रेणू_आणि_रूळ
याच्यामागचं कारण मला सांगू द्या, माझ्या आवडीचा भाग आहे.

पाण्याचा पृष्ठताण 20 अंशाला जवळपास 72 मिलीन्यूटन प्रति मीटर. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा 22 च्या आसपास. म्हणजे पाण्याला स्वतःला गोळा करून ठेवायची ओढ तिपटीहून जास्त. साबणाचा थेंब घातला की ती ओढ 30च्या आसपास येते, म्हणून तो घालतात. दोन्हीचं काम एकच, पण अल्कोहोल उडून जातं आणि साबण मागे राहतो. साबण जास्त झाला तर फेस येतो, फेसाचे बुडबुडे वाळताना खडीत बारीक भोकं सोडतात, आणि गोंदही चिकट-चिकट राहतो. वाटीभर द्रावणाला एक थेंब म्हणजे खरोखर एकच थेंब.

आता सावधगिरीची गोष्ट. अल्कोहोल थेट गोंदाच्या बाटलीत ओतू नका. पीव्हीए काय किंवा मॅट मीडियम काय, दोन्ही म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो, हेच त्यांचं वाळणं. अल्कोहोल जास्त झालं तर कण बाटलीतच एकत्र येतात आणि धागेदार गाठी होतात, दूध फाटल्यासारख्या. त्या गाठी ड्रॉपरच्या टोकात अडकतात. म्हणून अल्कोहोल आधी खडीवर फवारायचं, निम्मं अल्कोहोल निम्मं पाणी, आणि मागोमाग गोंद.

याच कारणामुळे थंडीत काम करू नये. फार गार हवेत कण एकमेकांत विरघळत नाहीत, पापुद्र्याऐवजी खडूसारखी पांढरी भुकटी उरते आणि लोक गोंदाला शिव्या देतात.

पीव्हीएचा शोध 1912 चा, जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी लावला. आपल्या खडीसाठी लावला नव्हता एवढंच.

बोगदा_क्रमांक_नऊ
@रेणू, एक विचारायचं होतं. करड्या ग्रॅनाइटच्या खडीवर पीव्हीए टाकला की हिरवट झाक येते असं बऱ्याच जणांकडून ऐकलंय आणि माझ्याकडे एका साइडिंगला (बाजूच्या मार्गाला) ती आलीसुद्धा. का?

रेणू_आणि_रूळ
दगडाच्या बाबतीत मी छातीठोक बोलणार नाही. पण हिरवं रुळाच्या अगदी कडेला असेल तर कारण रूळ आहे. आपले बहुतेक रूळ निकेल सिल्व्हरचे असतात, त्यात चांदी औषधालाही नसते, निम्म्याहून जास्त तांबं आणि बाकी निकेल-जस्त. पीव्हीए थोडा आम्लधर्मी असतो. ओला गोंद रुळाच्या पायाशी साचून हळूहळू वाळला की तांब्याची हिरवी पूड धरते. म्हणून रूळ आधी गंजाच्या रंगाने रंगवून घ्यायचे, खडी नंतर. रंगाचा थर मधे आला की गोंद धातूला लागतच नाही, आणि दिसायलाही खरं दिसतं.

चुंबकवाला
गोंदाबद्दल सगळं आलंय, मी खडीबद्दल एक सांगतो कारण त्याने माझं एक इंजिन गेलं. घरी गाळलेली वाळू खडी म्हणून वापरली, रंग अप्रतिम होता. दोन महिन्यांनी इंजिन अडखळायला लागलं. उघडलं तर मोटरच्या चुंबकाला काळ्या कणांची दाढी. वाळूत मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोहखनिज) होतं आणि गोंद नीट न बसलेले कण उडून आत गेले होते. आता कुठलीही खडी आली की कागदावर पसरून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक तीनदा फिरवतो. पिशवी यासाठी की नंतर ती उलटी केली की कण आपोआप सुटतात, नाहीतर चुंबकावरचे कण काढता काढता जीव जातो.

आणि अक्रोडाच्या कवचाची खडी वापरणाऱ्यांनो, ती हलकी असते, गोंद सोडला की तरंगते. ती आधी खूप बारीक फवाऱ्याने भिजवा, थेंब नकोच.

गार्डाचा_डबा
इंजिनाला दाढी! पण खरंच वाईट वाटलं हो. मोटर वाचली का?

चुंबकवाला
नाही वाचली. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) घासलं गेलं होतं. दुसरी बसवली, इंजिन पुन्हा धावतंय.

नवा_फायरमन
एक मूलभूत शंका. खऱ्या रेल्वेत खडीला कोणी गोंद लावतं का?

सांधेवाला
बहुतेक ठिकाणी नाही. खरी खडी मुद्दाम टोकदार, फोडलेली घेतात, गोटे चालत नाहीत. कोपरे एकमेकांत अडकतात, स्लीपर जागेवर राहतो, वजन खाली पसरतं आणि पाणी निथळून जातं. वजनानेच ती धरून राहते. आपल्या दगडाला 1:87 मध्ये वजनच उरत नाही, फुंकर मारली तरी उडतो, म्हणून गोंद. पण पुलाच्या तोंडाशी किंवा जिथे मऊ पायावरून कडक पायावर रूळ जातो अशा ठिकाणी काही देशांत खऱ्या खडीवरही पॉलीयुरेथेन ओतून ती बांधून टाकतात.

नवा_फायरमन
हे माहीतच नव्हतं. म्हणजे आपलं काम अगदीच खोटं नाही.

डबलहेडर
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

फिशप्लेट
@रुळावरचा, सांध्यांचा प्रश्न तसाच राहिलाय, तो घेते. कारण गोंद कोणताही असो, नुकसान तिथेच होतं.

सांध्यात हलणाऱ्या दोन जागा, दोन पाती आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी. पातळ गोंद केशाकर्षणाने कुठेही पोचतो. तुम्ही चार स्लीपर लांब थेंब टाकला तरी तो स्लीपरच्या खालून सरपटत पट्टीपर्यंत जातो. म्हणून सांध्याच्या हलणाऱ्या भागात मी पातळ गोंद अजिबात सोडत नाही. तिथे उलटी पद्धत. बारीक ब्रशने घट्ट मॅट मीडियम स्लीपरच्या मधल्या जागेत अगदी पातळ लिंपते, स्लीपर-रुळाला न लावता, त्यावर खडी भुरभुरवते, बोटाने दाबते आणि वाळल्यावर सुटी खडी ब्रशने झाडून घेते. एकच थर बसतो, पण सांध्यात खोल खडी नसलेलीच बरी. आडव्या पट्टीच्या शेजारच्या दोन फटीत तर खडी नाहीच, तिथे फक्त काळपट करडा रंग. दोन फुटांवरून कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणि वाळेपर्यंत दर दहा मिनिटांनी सांधा इकडून तिकडे हलवायचा. कंटाळवाणं आहे पण करा.

एनगेजकर
पट्टीखाली तेलाचा एक थेंब आधी सोडून ठेवला तर गोंद तिथे धरत नाही. मी कायम करतो. प्लॅस्टिकला चालणारंच तेल हवं मात्र.

फिशप्लेट
@एनगेजकर, तेल मला धोक्याचं वाटतं. ते पसरतं, खडीवर डाग पडतो आणि त्या डागावर गोंद कधीच बसत नाही. पात्यांच्या टोकाला तेल लागलं तर वीज जाण्यातही अडचण. ज्यांचा हात तुमच्यासारखा बसलाय त्यांनी करावं, पहिल्यांदा करणाऱ्याने नको.

एनगेजकर
बरोबर आहे. मी सुईच्या टोकाने लावतो, ते लिहायचं राहिलं.

डबलहेडर
मघाशी घाईत चुकीचं लिहिलं होतं म्हणून काढलं. रूळ उचलण्याबद्दल माझा अनुभव लिहितो, कारण मूळ प्रश्नात ते होतं आणि कोणी उत्तर दिलेलं नाही.

गेल्या वर्षी जुना लेआउट मोडला. त्यातला एक भाग साध्या पीव्हीएचा, एक भाग जलरोधक पीव्हीएचा, आणि एक छोटी साइडिंग लॅटेक्सची. साध्या पीव्हीएवर कोमट पाणी फवारलं, अर्धा तास ओलं फडकं टाकून ठेवलं. गोंद पुन्हा पांढरा झाला, म्हणजे सैल पडला. पोटीन लावायची रुंद पट्टी खालून सरकवली आणि रूळ एक स्लीपर न तुटता वर आले. दातांच्या ब्रशने धुऊन पुन्हा वापरले. लॅटेक्स तर भिजवावंही लागलं नाही, कडेला धरून ओढलं की खडीसकट पट्टी सोलून निघाली, एखादी साल निघावी तशी.

जलरोधकचं मात्र काही केल्या होईना. कोमट पाणी झालं, रात्रभर ओलं फडकं झालं, शेवटी छिन्नी लावली. दीड मीटर रूळ आणि एक सांधा कचऱ्यात गेला. त्या सांध्याचं अजून वाईट वाटतं. डब्यावर युरोपियन वर्गवारीतलं डी 3 किंवा डी 4 लिहिलं असेल तर तो पाण्याला दाद न देणारा प्रकार, तो सुतारकामाला ठेवा, खडीला नको. डी 1 किंवा डी 2 चालेल.

रुळावरचा
@डबलहेडर, तुमचा प्रतिसाद वाचून धावत जाऊन डबा बघितला. डी 3 आहे. 11 मीटरवर ओतायच्या आधी विचारलं हे फार बरं झालं. मनापासून आभार.

बोगदा_क्रमांक_नऊ
बघा, आता मी पण माझा डबा बघून आलो. डी 2. हुश्श.

ढकलगाडी
हेअरस्प्रे कोणीच कसं म्हणालं नाही? दोन फवारे, पाच मिनिटांत काम.

सांधेवाला
धूळ बसवायला ठीक, खडी बसवायला नाही. वरचा एक थर धरतो, खाली सगळी सुटी. शिवाय रुळांच्या माथ्यावर चिकट थर बसतो आणि फवारा ज्वलनशील असतो, लेआउटचा करंट चालू असताना ठिणगी उडाली तर काय. अल्कोहोलच्या फवाऱ्यालाही हेच लागू आहे बरं का, आधी करंट बंद, खिडकी उघडी. झटपट गोंद (सायनो) पण नको, त्याची वाफ आजूबाजूला पांढरी बसते आणि एकदा धरला की धरला.

रुळावरचा
मंडळी, दहा दिवसांनी परत आलोय. तुम्ही इतकं भरभरून लिहिलंत की नुसतं आभार मानून जाणं बरं दिसेना, म्हणून नीट चाचणी घेतली.

त्याच 9 मिमी प्लायवूडचा एक उरलेला लांब तुकडा घेतला, त्यावर तोच कॉर्क, तेच रूळ, एकच सलग मार्ग. त्याचे चार भाग पाडले. पहिल्यात खडीच नाही. दुसऱ्यात साधा पीव्हीए (डी 2, नवीन आणला), एकास दोन पाणी. तिसऱ्यात मॅट मीडियम एकास चार, साका काढून. चौथ्यात लॅटेक्स एकास दोन. सगळीकडे आधी अल्कोहोल-पाण्याचा फवारा, तोही हवेत वर मारायचा म्हणजे धुक्यासारखा खाली उतरतो आणि खडी हलत नाही. सिरिंजने गोंद स्लीपरच्या मधोमध सोडला, रुळांचे माथे लगेच फडक्याने पुसले. तीन दिवस हातही लावला नाही.

मग एकच इंजिन, एकाच वेगाने, फोन प्लायवूडच्या खालच्या बाजूला चिकटवून रेकॉर्ड केलं. ऐकताना डोळे मिटून बसलो आणि घरच्यांना सांगितलं की गाडी कुठल्याही भागातून सोडा, मी ओळखतो. पीव्हीए प्रत्येक वेळी ओळखला, शंकाच नाही. लॅटेक्स आणि उघडा रूळ यात दोनदा चुकलो, इतके सारखे. मॅट मीडियम मधे, पण लॅटेक्सच्या बाजूला झुकलेलं. बोटांनी प्लायवूडला स्पर्श केला तर पीव्हीएच्या भागात थरथर टोकापर्यंत जाणवते, मॅट मीडियमच्या भागात एक वीतभर अंतरावर विरते.

आणि @बोगदा, तुमचंही बरोबर निघालं. खाली गालिचाचे तुकडे चिकटवून पुन्हा केलं तर पीव्हीएसुद्धा निम्मा शांत झाला, आणि मॅट मीडियम तर उघड्या रुळाइतकं. दोन्ही मिळून करायचं हे माझं ठरलं.

फिशप्लेट
अशी चाचणी इतकी वर्षं कोणीच का केली नाही! चकाकी कशी दिसतेय चारही भागांत?

रुळावरचा
खिडकीच्या उजेडात तिरकं बघितलं तर पीव्हीएच्या भागात स्लीपरच्या कडेने ओली रेघ दिसते. मॅट मीडियममध्ये नाही. लॅटेक्समध्ये चमक नाही पण खडीचा रंग एक छटा गडद झालाय, आत्ताच. तो पुढे पिवळा पडेल या भीतीने मी लॅटेक्स सोडलं.

सांधेवाला
माझा लेआउट तळघरात आहे, खिडकीच नाही, म्हणून माझं लॅटेक्स इतकी वर्षं टिकलं असणार. बोगदासाहेबांचा मुद्दा मान्य. खिडकी असेल तर मॅट मीडियमच घ्या.

बोगदा_क्रमांक_नऊ
@सांधेवाला, 🙏 आणि मीही पुढचा भाग मॅट मीडियमने करून बघणार.

रेणू_आणि_रूळ
सुरू करायच्या आधी एकच. रुळांच्या जोडांमध्ये सोडलेल्या फटी बघून घ्या. लाकूड हवेतल्या दमटपणाने फुगतं-आकसतं, खडी चिकटवली की रूळ त्या लाकडाला बांधले जातात. जोडाच्या फिशप्लेटमध्ये (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीत) गोंद शिरून फट बुजली तर कोरड्या दिवसांत लाकूड आकसलं की कुठेतरी रूळ वर उचलला जाणार. जोडाच्या दोन्ही बाजूंच्या एकेका स्लीपरमध्ये गोंद जरा कमीच सोडा. आणि गाडी निदान काही आठवडे विनातक्रार धावलेली असल्याशिवाय त्या भागाला खडी लावू नका.

रुळावरचा
दोन वर्षं धावतेय, एकच जागा आहे जिथे तिसरा डबा कधीकधी उतरतो, दुसऱ्या सांध्याच्या पुढचं वळण. ते आधी दुरुस्त करतो, तिथे खडी सगळ्यात शेवटी.

आज सकाळी पहिल्या मीटरला सुरुवात केली. मीडियम काल रात्री साका बसायला ठेवलं होतं. हातभराचा जुना कोपरा डी 3 चा आहे म्हणून तो तसाच ठेवलाय, खालून गालिचा लावला. गाडी त्यावरून नव्या भागावर येते तेव्हा घरघर थांबून सळसळ सुरू होते, ती जागा नेमकी ऐकू येते. सांध्याची फिशप्लेटताईंची पद्धत उद्या, ब्रश बारीक हवा म्हणून दोन नंबरचा काढून ठेवलाय.

फिशप्लेट
दोन नंबर जाड होईल. शून्य घ्या. आणि दर दहा मिनिटांनी सांधा हलवायचं विसरू नका.

गार्डाचा_डबा
सांध्याचे फोटो टाका हो, आधीचा आणि नंतरचा दोन्ही.